वॉलमार्टला बिडाचे तवे द्यायचे आहेत: दर कसा काढायचा, माल कुठे अडतो, आणि ही साखळी खरोखर किती देशांत आहे?

शिरोली_पॅटर्न

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या तीन फौंड्र्या मिळून बिडाचा हँडलवाला तवा काढायचं ठरतंय. दहा इंची, वजन २.४ किलोच्या आसपास, तेल मुरवून भाजलेला, म्हणजे गिऱ्हाइकाने घरी नेला की थेट शेगडीवर. तिघांचंही काम आजवर पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं. धातू कळतो, दुकान कळत नाही.

मुंबईच्या एका खरेदी एजंटाने वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीसाठी २० फुटी कंटेनरच्या हिशेबाने एफओबी न्हावा शेवा दर, म्हणजे न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा दर, मागितला आहे. फळीवर तवा १५ डॉलरला बसला पाहिजे, एवढंच तो सांगतो. जाणकारांनी कृपया सांगावं: १५ डॉलरवरून मागे येत आमचा दर कसा काढायचा? ऑर्डरच्या आधी कोणत्या तपासण्या होतात? पंपाचं कास्टिंग करणाऱ्यांचं तव्यात कुठे चुकतं? आणि एजंट म्हणतो, एकदा आत गेलात की जगभर माल जातो. हे कितपत खरं?

ताळेबंद

दराआधी ही साखळी स्वस्त कशी विकते ते बघा, म्हणजे दाब कुठून येणार ते कळेल.

सॅम वॉल्टनने पहिलं वॉलमार्ट २ जुलै १९६२ ला आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स गावात काढलं. मोठी शहरं सोडून त्याने लहान गावं धरली, आणि आधी गोदाम, मग त्याच्या भोवती दुकानं असा विस्तार केला. आजही अमेरिकेतलं त्यांचं एक मोठं वितरण केंद्र दहा लाख चौरस फुटांच्या वर असतं आणि साधारण दीडशे मैलांच्या परिघातल्या ९० ते १०० दुकानांना माल पुरवतं. तिथे बराच माल रॅकवर चढतच नाही. एका दारातून पुरवठादाराचा ट्रक रिकामा होतो, दुसऱ्या दारातून दुकानाचा ट्रक भरतो. १९८७ मध्ये त्यांनी दुकानं आणि मुख्य कार्यालय उपग्रहाने जोडली, आणि १९९१ पासून रिटेल लिंक या प्रणालीतून पुरवठादाराला आपला माल कुठे किती खपला ते दिसू लागलं.

जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात त्यांची विक्री ६८१ अब्ज डॉलर होती आणि कार्यकारी नफा २९ अब्जांच्या आसपास. शंभराच्या विक्रीमागे सव्वाचार. खरेदी आणि विक्री यांतलं अंतर शंभरात २४-२५. मधले वीस पगार, भाडं, वीज, वाहतूक यांत जातात. जो खर्च ते स्वतः आणखी कमी करू शकत नाहीत तो तुमच्या दरातून कमी करायला सांगतात, हे गृहीत धरा.

रोज एकच कमी भाव ही त्यांची पद्धत. दिवाळी सेलसारखी विक्री वर-खाली होत नाही, त्यामुळे मागणी सपाट राहते आणि फौंड्रीला महिन्याचं ओतकाम ठरवता येतं. पण पिग आयर्न (कच्चं लोखंड) महागलं म्हणून मध्येच दर वाढवून मागाल तर मिळणार नाही. कोटेशनची मुदत आणि डॉलरचा दर कागदावर बांधून घ्या.

१५ डॉलरमधून २५ टक्के गेले की ११.२५ उरतात. त्यातून जहाज, अमेरिकेतला ट्रक आणि सीमाशुल्क वजा केलं की तुमचा एफओबी. साडेआठ डॉलरच्या आसपास यायला हरकत नाही.

गोदी_ते_गोदाम

@ताळेबंद, पद्धत बरोबर, पण २५ टक्के चुकीच्या जागी लावलेत. ती सरासरी किराण्यासकट सगळ्या मालाची आहे, आणि अमेरिकेत त्यांच्या विक्रीचा निम्म्याहून जास्त भाग किराण्याचा. भांड्याकुंड्यांत, त्यातही स्वतः आयात केलेल्या मालात, अंतर जास्त ठेवतात. ४० टक्के धरून हिशेब करा, जास्त निघाले तर आनंदच.

आता कंटेनर. इथेच निम्मी लढाई आहे. २० फुटी डब्यात कागदावर ३३ घनमीटर जागा दिसते, प्रत्यक्षात २६ ते २८ च वापरता येते. डबा स्वतः २८ टनांपर्यंत सोसतो, पण अमेरिकेच्या रस्त्यावर ट्रकसकट एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंड आहे. साध्या चेसीवर (डबा ठेवायच्या ट्रेलरवर) २० फुटी डब्यात १७ टनांच्या आसपासच माल चालतो. त्यावर गेलात तर तिथे वेगळी तीन अॅक्सलची चेसी लागते आणि तिचं भाडं तुमच्या खात्यात पडतं.

प्रत्येक तवा वेगळ्या खोक्यात घातला तर खोकं साधारण ४० × २७ × ६ सेंटीमीटरचं होतं. सत्तावीस घनमीटरमध्ये असे चार हजार-सव्वाचार हजार तवे बसतात आणि डबा भरतो, वजन मात्र ११ टनांतच थांबतं. त्याऐवजी चार तवे एकात एक बसवून ४१ × २८ × १४.५ सेंटीमीटरचं एक कार्टन केलं, प्रत्येक तव्याला नुसती पुठ्ठ्याची पट्टी, तर १,६०० कार्टन म्हणजे ६,४०० तवे बसतात. घनफळ साडेसव्वीस घनमीटर, वजन पुठ्ठ्यासकट १६.६ टन. जागा आणि वजन दोन्ही एकाच वेळी संपतात, कंटेनर असाच भरायचा असतो. पॅलेट घालू नका, कार्टन थेट जमिनीवर रचा. मात्र आत आधाराला लाकडी फळी घातलीत तर तीही आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णतेने प्रक्रिया केलेली, म्हणजे गाभ्यात ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेली आणि शिक्का असलेलीच हवी. बिनशिक्क्याची एक फळी सापडली तरी अख्खा डबा परत पाठवू शकतात.

आता दर. समजा जहाजभाडं ४,००० डॉलर, तिकडचा ट्रक आणि गोदामखर्च १,५००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही त्या आठवड्याचे घाला. ५,५०० भागिले ६,४०० म्हणजे तव्यामागे ८६ सेंट. सव्वाचार हजारच बसवलेत तर १ डॉलर २९ सेंट. निव्वळ खोक्याच्या आकारापायी त्रेचाळीस सेंट!

१५ चे ६० टक्के ९ डॉलर, त्यातून ८६ सेंट गेले, राहिले ८.१४. अमेरिकेत सीमाशुल्क एफओबी किमतीवर लागतं, आपल्याकडच्यासारखं भाडं-विमा धरून नाही. म्हणून शुल्क २० टक्के असेल तर ८.१४ ला १.२० ने भागा: ६.७८ डॉलर. शुल्क ५० टक्के असेल तर १.५० ने भागा: ५.४३. फरक तव्यामागे १.३५, कंटेनरमागे ८,६४० डॉलर. २०२५ मध्ये भारतीय मालावरचा अतिरिक्त कर ऑगस्टअखेर ५० टक्क्यांवर गेला होता, आणि पोलादी वस्तूंची वेगळी यादी त्याच वर्षी पुन्हापुन्हा बदलली. तेव्हा तव्याचा अचूक सीमाशुल्क-कोड आणि त्या दिवसाचा दर तिथल्या कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या, आणि कराराच्या मसुद्यात शुल्क वाढलं तर कोण सोसणार हे एका ओळीत लिहून घ्या. एफओबी असलं की शुल्क कायद्याने आयातदाराचं, पण पुढच्या ऑर्डरला तो ते तुमच्या दरातूनच मागतो.

रस_ओतारी

भावा, पंपाच्या कास्टिंगचा हात तव्याला लावलास तर पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा ढीग लागेल. कारणं सांगतो.

पंपाच्या बॉडीला भिंत आठ-दहा मिमी असते, तव्याला चार ते साडेचार. पातळ भिंत झटकन गार होते आणि कडेला पांढरं बीड बनतं, काचेसारखं कडक. ग्राइंडरखाली ठिणग्या उडतात, खाली पडला की कड उडते. त्यासाठी कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन-सिलिकॉनचा मिळून आकडा) ४.३ च्या आसपास ठेव, सिलिकॉन सव्वादोन-अडीच टक्के, आणि लॅडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) इनॉक्युलंट, म्हणजे पांढरं बीड होऊ न देणारी पूड, टाकल्यापासून आठ-दहा मिनिटांत ओतून मोकळा हो. त्यापुढे त्याचा असर उतरतो. ओतताना रस १,३८० अंशांच्या खाली गेला की हँडलच्या मुळाशी थंड जोड पडतो, वरून केसासारखी रेघ दिसते. हँडल तुटायची सुरुवात तिथेच होते. फॉस्फरस वाढवला की रस पातळ होतो खरा, पण बीड ठिसूळ होतं. तो मार्ग नको.

वाळू. पंपाला एएफएस (वाळूच्या बारीकपणाचा आकडा) ५० ते ५५ ची चालते. तव्याला ७० च्या वर घे, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत येतो आणि तेलाचा थर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. बारीक वाळूतून वायू नीट जात नाही, म्हणून ओलावा आणि कोळशाची भुकटी रोज मोज, नाहीतर तव्याच्या मधोमध फुगे.

लाल असतानाच नॉकआउट करू नकोस. साच्यात एकसारखा गार होऊ दे. घाईने काढलेला तवा वाकतो, बुड बाहेर फुगतं आणि काचेच्या शेगडीवर भिंगरीसारखा फिरतो. ती तक्रार दुकानातून परत येते. बुड अर्ध्या मिमीने आत असलेलं चालतं, बाहेर आलेलं अजिबात नाही.

आणि वर कंटेनरचं लिहिलंय ते पॅटर्न (वाळूत साचा पाडायचा नमुना) करायच्या आधी वाच. चार तवे एकात एक बसायचे तर भिंतीला पुरेसा उतार हवा, आणि हँडल जाड केलंस की ते एकमेकांवर टेकतं. पॅटर्न झाल्यावर हे कळलं तर नवा पॅटर्न! बुडावर “मेड इन इंडिया” आणि महिना-वर्षाची खूण ओतीवच घे. चिकटपट्टी तेलात सुटते.

रिजेक्शनचं गणित: ६,४०० चांगले तवे हवे असतील तर आठ टक्के रिजेक्शनला ६,९५७ ओतावे लागतात, तीन टक्क्यांना ६,५९८. मधले तीनशे साठ तवे म्हणजे साडेआठशे किलो धातू पुन्हा वितळवायचा, वीज तुझी.

भट्टीत काय टाकतोस ते सगळ्यांत महत्त्वाचं. हे अन्नाचं भांडं आहे. रंगाचं स्क्रॅप, जस्ताचा पत्रा, मशीन शॉपचा तेलकट बुरा यांतलं काहीही नको. पिग आयर्न, स्वतःचे रनर-रायझर (ओतकामात उरलेले बिडाचे तुकडे) आणि ओळखीचं स्वच्छ पोलादी स्क्रॅप एवढंच. शिसं आणि कॅडमियम यांची चाचणी होते. तव्यात शिसं निघालं तर कोणत्या हीटचं (भट्टीच्या खेपेचं) ते सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक हीटची नोंद ठेव.

तेल मुरवताना घाण्याचं शेंगतेल वापरू नकोस. तिकडे शेंगदाण्याची अॅलर्जी जीवघेणी मानतात. पूर्ण रिफाइंड सोयातेल बरं. थर इतका पातळ की पुसून टाकल्यासारखा वाटावा, मग २०० ते २५० अंशांत तासभर, तवा उलटा टांगून. जाड थर चिकट राहतो, ओघळ येतात, आणि कार्टनमध्ये तवे एकमेकांना चिकटतात. दोन तव्यांच्या मध्ये कागद घाल.

तपासणी_दप्तर

तपासण्यांचं सांगतो. पण आधी एक गोष्ट, कारण तुमची पूर्ण योजना तिच्यावर अडकू शकते.

तीन फौंड्र्या मिळून म्हणताय. या तिन्ही जागा, आणि त्यांच्याबाहेर जिथे जिथे तव्याला हात लागणार त्या सगळ्या, आधी जाहीर कराव्या लागतात. बांगलादेशातल्या ताझरीन कारखान्याला नोव्हेंबर २०१२ मध्ये आग लागली, शंभरावर कामगार गेले, आणि वॉलमार्टचा माल तिथे न सांगता शिवला जात होता असं निघालं. त्यानंतर १ मार्च २०१३ पासून न कळवता बाहेर काम दिलं तर पुरवठादाराशी संबंध तोडायचा, असा नियम त्यांनी केला. शिरोलीत फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा साफ करणं) आणि ग्राइंडिंग जॉबवर्कला देणं ही रोजची गोष्ट आहे. इथे ती चालणार नाही. एकतर ते काम आत घ्या, नाहीतर जॉबवर्कवाल्याचंही शेड तपासणीला बसवा.

सामाजिक तपासणीसाठी, म्हणजे कामगारांचे पगार आणि सुरक्षितता यांच्या तपासणीसाठी, त्यांना बाहेरच्या संस्थांचे अहवाल चालतात, एसमेटा, अॅम्फोरी बीएससीआय, एसए ८००० वगैरे. अहवालावरून हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा रंग मिळतो. लाल आला तर माल घेत नाहीत. फौंड्र्यांचा रंग बहुधा कशाने उतरतो? हजेरी आणि पगारपत्रक जुळत नाही, ओव्हरटाइम दुप्पट दराने दिलेला नसतो, ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ-ईएसआय भरलेला नसतो, मागचं दार कुलूपबंद असतं, फेटलिंगच्या जागी सिलिकाच्या धुळीला शोषणयंत्र नसतं. दोन रजिस्टरं ठेवणं सगळ्यांत वाईट. तपासनीस कामगारांशी एकटं बोलतो आणि ते लगेच उघड होतं. कमी पगार नोंदवलेला असेल तर सुधारायला मुदत मिळते, खोट्या नोंदीला मिळत नाही.

मग कारखान्याची क्षमता आणि गुणवत्ता यांची तपासणी, मग उत्पादनापूर्वीचा नमुना, मग प्रयोगशाळा, मग ऑर्डर, आणि कंटेनर भरण्याआधी पुन्हा माल उघडून पाहणी. नमुना ज्या वाळूत, ज्या तेलात केला त्याच वाळूत-तेलात पुढचा माल हवा.

कागद: आयईसी हा आयात-निर्यात क्रमांक (दरवर्षी एप्रिल ते जून त्यात अद्ययावत नोंद करायची, नाहीतर तो बंद पडतो), बँकेकडून एडी कोडची (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेच्या क्रमांकाची) नोंद, जीएसटी न भरता निर्यातीसाठी एलयूटी हे हमीपत्र, ईईपीसी इंडिया या अभियांत्रिकी निर्यात परिषदेचं सदस्यत्व, जीएस१ इंडियाचे बारकोड, आणि उत्पादन-दायित्वाचा विमा. शेवटच्याला पुरवठादार विसरतात आणि तो महाग असतो, दरात धरा. तव्याला अमेरिकेच्या एफडीएची कारखाना-नोंदणी लागत नाही, ती खाद्यपदार्थ करणाऱ्यांना. गूळ पाठवायचा विचार कोणी करत असेल तर ती लागेल, शिवाय गूळ साखरेच्याच शीर्षकात, १७०१ मध्ये, येतो आणि तिकडे साखरेला आयात-कोटा आहे.

जहाजावर डबा चढण्याच्या २४ तास आधी आयातदाराला अमेरिकी कस्टम्सकडे सुरक्षा-माहिती द्यावी लागते, तिला १०+२ म्हणतात. उशीर किंवा चूक झाली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. ती माहिती तुमच्याकडूनच जाते: कारखान्याचा पत्ता, डबा कुठे भरला, मालाचा कोड. तीन पत्त्यांपैकी चुकीचा गेला की अडकलात.

नकाशा

“जगभर माल जाईल” हे एजंटाचं म्हणणं तपासून घ्या. दुकानं साडेदहा हजारांच्या वर आणि देश १९ हे खरं. पण १९ देशांसाठी मिळून एकच खरेदीखातं बसलेलं नाही. आणि जिथून ही साखळी निघून गेली त्या देशांची यादीही लांब आहे.

बाहेर पहिलं पाऊल १९९१ मध्ये मेक्सिकोत, सिफ्रा या तिथल्या कंपनीबरोबर. तिथे बोदेगा आउरेरा ही स्थानिक नावाची दुकानं तशीच ठेवली, लहान गावांत लहान दुकानं काढली. आज मेक्सिकोत तीन हजारांवर दुकानं आहेत. १९९४ मध्ये कॅनडात वूल्कोची १२२ दुकानं घेतली, १९९६ मध्ये चीनमध्ये शेनझेनला गेले. हे तिन्ही टिकले.

जर्मनी टिकलं नाही. १९९७ मध्ये वेर्टकाउफची २१ आणि १९९८ मध्ये इंटरस्पारची ७४ दुकानं घेतली. दोन वेगळ्या साखळ्यांची, वेगळ्या आकारांची, देशभर विखुरलेली. वर ताळेबंद यांनी गोदामाभोवतीची दुकानं सांगितली, नेमकं तेच तिथे जमलं नाही. शंभराहून कमी दुकानांत वाहतुकीचा खर्च उतरत नाही. समोर आल्डी आणि लिड्ल या तिथल्या स्वस्त दुकानांच्या साखळ्या. आल्डी फक्त दीड-दोन हजार प्रकारचा माल ठेवते, बहुतेक स्वतःच्या नावाचा. वॉलमार्टच्या सुपरसेंटरमध्ये लाखाच्या वर प्रकार. एकेका वस्तूची खरेदी आल्डीची इतकी मोठी की जर्मनीत वॉलमार्टला तिच्याहून स्वस्त घेताच येईना. खरेदीपेक्षा कमी किमतीत विकून गिऱ्हाईक ओढावं, तर २००० मध्ये तिथल्या स्पर्धा-नियामकाने दूध-लोण्यासारख्या वस्तूंवर तसं करायला मनाई केली, आल्डी-लिड्ललाही. रविवारी दुकानं बंद, संध्याकाळचीही वेळ ठरलेली, त्यामुळे अहोरात्र दुकान हा प्रकारच नाही. कर्मचाऱ्यांनी आपसात प्रेमसंबंध ठेवू नयेत असा अमेरिकेतला नियम तिथे लावला, तो २००५ मध्ये न्यायालयात टिकला नाही. २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या तिथल्या कंपनीला देऊन, सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा सोसून बाहेर पडले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातली १६ दुकानंही विकली.

ब्रिटनमधली आस्डा १९९९ मध्ये घेतली होती, २०२१ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. जपानमधल्या सेइयुचा, ब्राझीलचा बहुतांश हिस्सा गेला, अर्जेंटिना पूर्ण गेलं. आज बाहेर राहिलेले मुख्य म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिका, कॅनडा, चिली, चीन, दक्षिण आफ्रिका व शेजारचे देश, आणि भारतातलं फ्लिपकार्ट.

तुमच्या तव्यापुरतं सांगायचं तर अमेरिकेच्या पाठोपाठ कॅनडा बघा. तिथे पट्टीवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतं, मेक्सिकोला स्पॅनिश. म्हणजे पट्टीची छपाई, बारकोड, साठा सगळं वेगळं. पहिल्या वर्षी एकच देश घ्या.

शिरोली_पॅटर्न

सगळ्यांचे मनापासून आभार. जॉबवर्कचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. फेटलिंग आत घेण्यावर तिघांची बैठक लावतो.

दोन प्रश्न राहिले. वॉलमार्टने भारतात, म्हणजे कोल्हापुरात, दुकान काढलं तर इथेच माल देता येईल का? आणि ऑर्डर जुलै-ऑगस्टची आली तर? पूर आला की हायवे बंद पडतो.

नकाशा

पहिल्याचं थोडक्यात. परदेशी कंपनीला अनेक ब्रँडचं किरकोळ दुकान भारतात ५१ टक्क्यांपर्यंतच काढता येतं, तेही २०१२ च्या अटींवर: किमान १० कोटी डॉलर गुंतवणूक, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, राज्याची परवानगी, आणि मुख्यतः दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं. वॉलमार्टने इथे घाऊक मार्ग धरला होता. भारती या इथल्या कंपनीबरोबर बेस्ट प्राइस नावाचं पहिलं घाऊक दुकान २००९ मध्ये अमृतसरला, २०१३ मध्ये भागीदारी सुटली, २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला आणि २०२० मध्ये घाऊक दुकानंही फ्लिपकार्टकडेच गेली. डीमार्टला या अटी लागत नाहीत, ती भारतीय मालकीची. देशात तवा विकायचा तर तिकडे किंवा फ्लिपकार्टवर विक्रेता म्हणून जा. फ्लिपकार्टवर एकटा तवा कुरिअरने जातो, तिथे ४ च्या कार्टनचा उपयोग नाही, वेगळं मजबूत खोकं लागेल. लहान उद्योगांसाठी वॉलमार्ट वृद्धी नावाचं मोफत प्रशिक्षणही आहे. तिघांपैकी एकाने नाव नोंदवायला हरकत नाही.

गोदी_ते_गोदाम

पुराचं मी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर पाणी येऊन वाहतूक दिवसेंदिवस थांबली होती, जुलै २०२१ मध्येही तेच. गोकुळ शिरगावचा माल पंचगंगा ओलांडल्याशिवाय पुण्याकडे जातच नाही. न्हावा शेवा आपल्यापासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, एरवी एका रात्रीत ट्रेलर पोचतो. जहाजाची कट-ऑफ चुकली की पुढचं जहाज आठवड्याने, आणि लाल समुद्राऐवजी आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जायचं असेल तर वाटेत आणखी दहा-चौदा दिवस.

जुलै-ऑगस्टला जहाजावर जाणारा माल जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कार्टनमध्ये हवा. तो कोल्हापुरात ठेवू नका, न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर-गोदामात) नेऊन ठेवा आणि तिथेच डबा भरा. महिनाभराचं भाडं हवाई मालवाहतुकीच्या विचारापेक्षा कितीतरी स्वस्त. अडीच किलोचा तवा विमानाने पाठवला तर भाडंच तव्याच्या किमतीवर जाईल. इतर महिन्यांत डबा कारखान्यातच भरा आणि आरएफआयडी ई-सील लावून स्वतः सीलबंद करा, बंदरात पुन्हा उघडायची वेळ शक्यतो येत नाही.

पावसाळ्यात दुसरं भय गंजाचं. कार्टनचा पुठ्ठा ओला झालेला असतो, समुद्रावर रात्री डब्याचं छत गार पडतं आणि आतली वाफ थेंब होऊन मालावर गळते. तेलाचा थर जिथे पातळ, म्हणजे हँडलच्या भोकाच्या कडेला, तिथे तांबूस ठिपका पहिला येतो. तवे भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय कार्टन बंद करू नका, पुठ्ठा कोरड्या खोलीत ठेवा, डबा भरण्याआधी आत उभं राहून दार लावून घ्या आणि छतातून उजेड दिसतो का बघा. मग भिंतीच्या खाचांत कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, आणि वरच्या थरावर एक पुठ्ठ्याची चादर अंथरा.

एफओबीत जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंत तुमची. पुढे अमेरिकेत स्वतःच्या गोदामातून त्यांना पुरवठा करायचं ठरलं, तर २०१७ पासूनचा वेळेत-आणि-पूर्ण हा नियम लागतो. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जेवढा माल उशिरा किंवा कमी पोचेल त्याच्या खरेदी किमतीचे ३ टक्के कापून घेतात. पहिली दोन वर्षं तो मार्ग नको, एफओबीच ठेवा.

रस_ओतारी

कॅल्शियम क्लोराइडची पिशवी फाटली तर तिचं पाणी तव्यावर पडून एका रात्रीत गंज चढवतं. खाली ट्रे असलेल्या पिशव्या घे, आणि पहिल्या डब्यातले चार तवे इथेच ओल्या पोत्यात पंधरा दिवस गुंडाळून ठेवून बघ.